ग्राफसाठी घातलेली ओळ

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणाला वाटायला नको की मी काही धाडसाची गोष्ट सांगायला बसले आहे. लहानपणी मला म्हशींची भीती वाटायची, चालत्या एसटीच्या दाराची वाटायची, आकाशकंदिलातल्या बल्बच्या उघड्या वायरीची वाटायची. आमच्या घरात भिण्याचा मक्ता एकट्या माझ्याकडे होता. वडील कशालाच भीत नसत. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादा भीत नाहीत, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

दादा मंचरजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हमालांचे मुकादम होते. तिथे बटाटा ठेवला जायचा. तीन मोठ्या खोल्या रस्त्याच्या पातळीवर होत्या आणि एक उताराच्या अंगाला, अर्धी जमिनीत गेलेली. तिला सगळे 'खालची खोली' म्हणत. दारातून आत गेलं की पायऱ्या उतरायच्या. वीज गेली तरी ती गार राहायची, म्हणून पेरणीचं बियाणं तिथे ठेवत. जूनच्या तोंडावर पठारावरचे शेतकरी टेम्पो घेऊन ते न्यायला येत.

आता बटाट्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गोणीतला बटाटा जिवंत असतो. तो श्वास घेतो आणि आपल्यासारखाच घाण वायू बाहेर सोडतो. खोली बंद असेल आणि हवा बाहेर फेकणारा पंखा चालत नसेल, तर तो वायू खाली खाली साचत जातो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आत जातो, त्याला गरगरतं, गुडघे मोडून बसतो, आणि कुणी ओढून काढलं नाही तर उठत नाही. दादांच्या आधीच्या मुकादमांचा एक जोडीदार असाच गेला होता. हे मला शाळेत असतानाच कळलं होतं, त्यामुळे माझ्या झोपेचं काय झालं असेल ते समजून घ्या.

नव्वदच्या दशकात सुट्टीच्या दिवशी मी दादांची भाकरी घेऊन जायचे. खालची खोली उघडायची असली की दादा पत्र्याच्या डब्यात पणती ठेवायचे, डबा लांब वेळूला टांगायचे आणि पायऱ्यांवरून खाली सोडायचे. मग तंबाखू मळत उभे राहायचे. तंबाखू तोंडात टाकेपर्यंत पणती जळत राहिली, तर आत पाऊल. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "तसं करत्यात." एवढंच. विहिरीत गाळ काढायला उतरतानाही आमच्याकडे तसंच करत. कारण कुणी सांगत नसे आणि पणती कुणी चुकवत नसे.

पुढे दोन हजारच्या दशकात शेठनी खालच्या खोलीत वायू मोजणारे चार मीटर बसवले. शेठ म्हणजे कोल्ड स्टोरेजचे मालक. घराणं राजस्थानातून आलेलं, पण तीन पिढ्या मंचरात काढलेल्या. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. माणूस भला होता. त्यांनी पुण्याहून एक इंजिनीअर आणला. त्याने ऑफिसातल्या कम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहिला. चारही मीटरचे आकडे त्यात यायचे. सगळे आकडे मर्यादेच्या खाली असले तर दारावरचा बल्ब हिरवा, एक जरी वर गेला तरी लाल. तसाच एक बल्ब आत पायऱ्यांच्या वरही लावला. मग शेठ म्हणाले, "मुकादम, आता ती पणती बंद करा. भिंतींत सगळा थर्माकोल आहे, एक ठिणगी पडली तर काय राहील?" शेठचं म्हणणं चुकीचं नव्हतं. या सगळ्या प्रकरणात कुणाचंच म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि मला आजही भीती वाटते ती त्याचीच.

पहिली दोन वर्षं बल्ब चोख चालला. एकदा तर लाल लागला आणि दादांनी दिवसभर दार उघडं टाकून पंखा फिरवला. दादांचा बल्बवर विश्वास बसला. नवस फेडल्यासारखं दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल वाहू लागले.

मग शेठना ग्राफ हवा झाला. टीव्हीवर शेअर बाजाराची रेघ वरखाली होताना त्यांनी पाहिली होती, तशी आपल्याही पडद्यावर दिसावी, आल्यागेल्याला दाखवता यावी. इंजिनीअर एका दिवसासाठी आला, ग्राफ घालून गेला आणि पुढच्या महिन्यात नोकरीसाठी परदेशी निघून गेला. ग्राफ छान दिसायचा म्हणे, फक्त त्याखालची अक्षरं इंग्रजी होती. शेठना ती मराठीत हवी होती. मी तेव्हा जुन्नरला एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, तिथेच खोली घेऊन राहत होते. होळीच्या सुमारासच दादांनी शेठना सांगून टाकलं, "आमची पोरगी करील की." पण मे सरता सरता कुठे दादांनी प्रोग्रॅमची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये घालून माझ्याकडे पाठवली. शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्यात, फडक्यात बांधून.

आमचा क्लास जुन्या पेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होता. भारनियमनाचे दिवस. वीज सकाळी थोडी असायची, म्हणून पहिली बॅच यायच्या आधीच मी जाऊन बसले. मराठी अक्षरं टाकली की ग्राफखाली नुसते चौकोन उमटत होते. अर्धा तास मी त्या चौकोनांशी भांडले. मग रेघ नीट दिसावी म्हणून मनानेच खोटे आकडे भरले. चार मीटर, चारही आकडे मर्यादेच्या कितीतरी वर. रेघ झरकन पडद्याच्या टोकाला गेली. कोपऱ्यात एक छोटा गोल होता, दारावरच्या बल्बचा जुळा भाऊ. तो हिरवाच होता.

मला वाटलं, मीच काहीतरी घोळ घातला. माझा स्वतःवर तेवढा विश्वास आहेच. आणखी मोठे आकडे घातले. हिरवा. इतके मोठे घातले की तशा हवेत माणूस काय, झुरळही वाचलं नसतं. हिरवा.

मग मी प्रोग्रॅम वरपासून वाचायला घेतला. सगळ्यात वर एक नवी ओळ होती, ग्राफसाठी घातलेली. तिचा अर्थ असा, की ग्राफ काढणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या तयार प्रोग्रॅमच्या गाठोड्यात, जे जे आहे ते सगळं इथे घेऊन ये. 'सगळं' म्हणायला शेवटी एक चांदणी. ती ओळ पुसली. ग्राफ गेला आणि गोल लाल झाला. ओळ पुन्हा घातली. हिरवा. पुसली, लाल. 

काय झालं होतं ते सांगते. तो प्रोग्रॅम पायथन नावाच्या कम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला होता, आणि तिच्यात 'ऑल' नावाचा एक तपासनीस असतो. त्याला विचारायचं, हे सगळे मर्यादेत आहेत का? तो एकेकाला बघतो आणि एक जरी चुकला तरी 'नाही' म्हणतो. आपण लग्नात एका पाहुण्याला बोलवावं आणि त्याने अख्खी भावकी घेऊन यावं, तसं ग्राफच्या लायब्ररीने आपल्याबरोबर शंभर जण आणले होते. त्यातल्या एकाचं नावही 'ऑल'च. तो येऊन आपल्या तपासनिसाच्या जागेवर बसला. तोही कामाचाच होता, पण त्याची रीत वेगळी. त्याच्यापुढे सगळा माल एकदम ओतावा लागतो. आमचा प्रोग्रॅम एकेक आकडा हातात द्यायचा. त्याने आत काय आहे ते बघितलंच नाही. समोर काहीतरी आलंय ना, मग 'हो'. कशालाही 'हो'. ना चूक दाखवली, ना आवाज केला, ना पडद्यावर एक अक्षर उमटवलं. ग्राफ आल्या दिवसापासून तो बल्ब कशाकडेही न बघता हिरवा जळत होता.

आणि मग मला आठवलं की आज मुहूर्त आहे.

बियाणं काढायच्या पहिल्या दिवशी तिथे एक रीत होती. नारळ फोडायचा, आणि पहिली गोणी मुकादमाने एकट्याने आत जाऊन स्वतःच्या पाठीवर आणायची. गारवा निघून जाऊ नये म्हणून तो आत गेला की मागून दार लोटून घ्यायचं. गोणी बाहेर आली की तिला हळदकुंकू. तो मान दादांचा होता आणि त्यांनी तो कुणाला दिला नसता.

मी ऑफिसात फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलेना. सगळे दारापाशी जमले असणार. दादांचा मोबाइल लावला. तो जेवणाच्या पिशवीत ठेवून ते कामाला लागत, हे मला ठाऊक होतं, तरी लावला. शेठचा फोन आवाक्याच्या बाहेर. पुन्हा ऑफिस. तेवढ्यात वीज गेली आणि पडदा काळा झाला.

माझ्याकडे स्कूटी होती. ती मी क्लास ते खोली एवढीच चालवायची. फार झालं तर नारायणगावापर्यंत, तेही हायवेच्या अलीकडे लावून पुढे चालत. हायवेवर मी कधी गेले नव्हते आणि जाणार नाही असं घरी सांगून ठेवलं होतं. त्या सकाळी जिन्यावरून उतरताना पायातली एक चप्पल तिथेच राहिली, ती नारायणगावला पोचल्यावर लक्षात आली.

पुढचा रस्ता मला नीट आठवत नाही. कांद्याचे ट्रक आठवतात. ते अंगावरून गेले की स्कूटी कडेला ओढली जायची आणि मी मोठ्याने देवाचं नाव घ्यायचे. देवाचं नाव घेता घेता मध्येच त्या इंजिनीअरला शिव्या घालायचे. मग वाटायचं, शिव्या घातल्याबद्दल देव दादांना काही करेल. मग माफी मागायचे.  सारखं डोळ्यांपुढे येत होतं ते एकच, की दार लोटलेलं आहे, बाहेर सगळे गप्पा मारत उभे आहेत आणि मुकादमाला आज जरा वेळ लागतोय असं कुणीतरी म्हणतंय. मंचरच्या अलीकडे वाहनांची रांग लागली होती. मी स्कूटी मातीत घातली, एका पोत्यांच्या ढिगाला धडकले, कुणीतरी ओरडलं, मी थांबले नाही.

फाटकातून आत शिरले तेव्हा नारळ फुटलेला होता. टेम्पो ओळीने उभे होते, पठारावरचे दहाबारा शेतकरी, शेठ, हमालांची टोळी. दारावर हिरवा बल्ब आणि त्याला झेंडूची माळ. दादा धुतलेली टोपी घालून, दाराची कडी हातात धरून उभे होते. दार त्यांनी ओढलं. आतली गार हवा माझ्या पायांपर्यंत आली.

मी हाक मारली, ती लोकांच्या गलक्यात बुडाली. शेवटी पळत जाऊन त्यांचा सदरा धरला.

"काय गं? एक पाय अनवाणी? घरी समदं बरं हाय ना?"

"दादा, आत जाऊ नका. बल्ब खोटा आहे."

दादांनी मान वर करून बल्बकडे बघितलं. "हिरवा हाय की."

"तो हिरवाच राहतो! काहीही झालं तरी हिरवाच राहतो!"

दादा हसले. जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाले, "ही माझी लेक. जुन्नरला कम्प्युटर शिकविती. ह्यो बल्ब तिच्याच हाताखाली हाय." मग मला म्हणाले, "तूच बघतीस न्हवं त्याला? मग खोटा कसा आसंल?"

 मी त्या बल्बला कधी हातही लावला नव्हता. मी फक्त ग्राफखालची अक्षरं मराठीत करत होते. पण दादांनी माझं कौतुक सांगत सांगत सगळ्यांना, आणि त्यांच्यात स्वतःलाही, पटवून टाकलं होतं की ते सगळं मीच बघते. मी सांगायला गेले. लायब्ररी, चांदणी, तपासनीस, भावकी. शब्द एकावर एक पडले. कुणाला काही कळलं नाही. मला तरी काय कळत होतं!

"मुकादम, मुहूर्त टळतोय राव," एक शेतकरी म्हणाला.

"आलोच," दादा म्हणाले. "बाय, व्हय बाजूला. दोन मिंटात येतो भाईर."

त्यांनी मला हाताने बाजूला सारलं. पुढे मी जे केलं त्याला लोक धाडस म्हणाले. ते धाडस नव्हतं. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी त्यांच्या हाताखालून वाकून दारात शिरले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"हिरवा आहे ना? मग मी आणते पहिली गोणी."

दादांनी माझी वेणी धरली आणि मागे ओढली. इतकी जोरात, की मी दारातून मागे येऊन त्यांच्या अंगावर पडले. लहानपणीसुद्धा त्यांनी मला कधी असं ओढलं नव्हतं.

"तू न्हाई! तू न्हाई जायाचं!"

"का? हिरवा आहे की."

 त्यांनी माझं मनगट पकडलं आणि ते सोडेचनात. दादांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. त्याने मला धीर यायला हवा होता, पण मी आणखीच घाबरले. त्यांनी पाठीने दार लोटून बंद केलं, त्याला टेकून उभे राहिले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "आज न्हाई उघडायचं."

शेठ पुढे आले. "ताई, ऑफिसात चला. काय आहे ते मला दाखवा."

ऑफिसातला कम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू होता. पडद्यावर ग्राफ होता, खरा, खऱ्या आकड्यांचा. मी तो पहिल्यांदाच बघत होते. रेघ गेले कित्येक आठवडे चढत चढत आली होती आणि आता वरच्या टोकाला टेकली होती. ग्राफने लपवलं काहीच नव्हतं. तो रोज खरं तेच सांगत होता.

"शेठ, ही रेघ तुम्ही बघितली नाही?"

"रोज बघतो की," शेठ म्हणाले. "सगळ्यांना दाखवतो. चढतेय म्हणून बरं वाटायचं."

 शेअर बाजाराची रेघ बघायची सवय लागलेल्या माणसाला चढती रेघ वाईट असते हे कुणी सांगणार होतं? खाली लिहिलेलं इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, म्हणून तर ते मराठीत हवं होतं. मी वरची ती एक ओळ पुसली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. ग्राफ नाहीसा झाला. बाहेर लोकांचा गलका चालला होता, तो एकदम थांबला. खिडकीतून बघितलं तर झेंडूच्या माळेत बल्ब लाल जळत होता आणि सगळे जण तोंड वर करून त्याच्याकडे बघत होते. शेठ खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. माझ्यापुढे की देवापुढे, ते मला कळलं नाही.

मग कुणीतरी छपरावर चढलं. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचा पट्टा तुटून पडला होता. कधी तुटला होता देव जाणे. बल्ब हिरवा असताना छपरावर कशाला कोण चढेल? दुसरा पट्टा घातला, जनरेटर लावला, दार उघडं टाकलं आणि सगळ्यांना लांब उभं केलं. बियाणं दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं. शेतकरी कुरकुर न करता निघून गेले.

दादा बारदानाच्या ढिगावर बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले.  त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती, तिच्याशी चाळा करत होते.

"चैतात दोनदा गेलतो म्या आत," ते म्हणाले. "डाग लागलेला माल बघाया. येकलाच."

त्यांनी उघड्या दाराकडे हनुवटीने खूण केली.

"दुसऱ्या बारीला पायरीवर मटकन बसलो. डोळ्यापुढं अंधारी आली. म्हणलं, उपास हाय, त्येनं व्हत आसंल."

"मग?"

"मग वर बघितलं. बल्ब हिरवा व्हता." त्यांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. "म्हणलं, लेकीचा बल्ब हाय, काय व्हायचं न्हाई. बसलो मग तिथंच, जरा येळ."

मी त्यांच्या शेजारी बारदानावर बसले. किती वेळ बसला होतात, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. त्या दिवशी धीर झाला नाही. दादा त्यानंतर पुष्कळ वर्षं होते, रोज बोलायचो, पण मी ते त्यांना कधीच विचारलं नाही.